पदविका म्हणजे धाकटी पदवी नव्हे



मराठीत एखाद्या शब्दाला 'इका' लागली की ती वस्तू लहान होते. नाटकाची नाटिका होते, पुस्तकाची पुस्तिका होते. 'डिप्लोमा' हा शब्द मराठीत आणताना कोणीतरी त्याला 'पदविका' म्हटले, आणि त्या एका प्रत्ययाने बरेच नुकसान केले असे मला वाटते. शब्द कानावर पडताच मनात येते, ही पदवीची धाकटी बहीण. मग तिच्याखाली 'प्रमाणपत्र' येते. अशी एक उतरंड आपण मनात रचून ठेवतो आणि दहावीचा निकाल लागला की मुलांना गुणांप्रमाणे तिच्यावर बसवतो : नव्वद टक्क्यांचा विद्यार्थी शास्त्र शाखेत, साठ-सत्तरचा तंत्रनिकेतनात, आणि त्याहून खालचा आय.टी.आय.मध्ये. खऱ्या उतरंडीत मोठे मडके खाली असते आणि त्याच्यावर बाकीची उभी असतात, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

मूळ शब्दांत लहानमोठेपण नाही. 'डिप्लोमा' हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ घडी घातलेला कागद, एवढाच. 'डॉक्टर' हा लॅटिन. त्याचा अर्थ शिकवणारा. आपल्याकडचा 'स्नातक' म्हणजे गुरुगृहीचे अध्ययन संपवून, स्नान करून घरी परतणारा विद्यार्थी. अर्थ काळाप्रमाणे बदलले आणि आज या शब्दांभोवती इतका गोंधळ आहे की दहावीच्या मुलाला सोडाच, त्याच्या पालकांनाही कोणत्या कागदाने कोणते दार उघडते हे नीट सांगता येत नाही. या गोंधळाची किंमत मोजावी लागते ती त्या मुलाला, आणि तीही वर्षांमध्ये.

म्हणून शब्दाकडे पाहण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा : हा कागद कोण देतो, आणि कोणत्या अधिकाराने?

पदवी कोणालाही देता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार हा अधिकार तिघांनाच आहे : केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, आणि संसदेने खास कायदा करून तसा अधिकार दिलेली संस्था. तुमच्या तालुक्याचे महाविद्यालय पदवी देत नाही. ते शिकवते, पदवी विद्यापीठाची असते. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम स्वतः आखते, परीक्षाही स्वतः घेते, तरी पदवी विद्यापीठाचीच. पवईची आय.आय.टी. मात्र स्वतः पदवी देते, कारण संसदेच्या १९६१ च्या कायद्याने तिला तो अधिकार मिळाला आहे.

याच नियमामुळे एक गमतीची गोष्ट घडली. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाली. देशभरातून निवडून घेतलेले पदवीधर तेथे दोन वर्षे शिकत, पण संस्थेला पदवी देण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता. त्यामुळे शेवटी हाती पडे ती पदव्युत्तर पदविका. २०१७ साली संसदेने केलेला कायदा जानेवारी २०१८ मध्ये अंमलात आला, तेव्हा कोठे या संस्थांना पदव्या देता येऊ लागल्या. म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ देशातील मोठमोठ्या कंपन्या चालवणाऱ्या कितीतरी लोकांजवळ व्यवस्थापनाची पदवी नव्हती, 'पदविका' होती. त्यांना कोणी 'बिचारा डिप्लोमावाला' म्हटल्याचे ऐकिवात नाही. सनदी लेखापाल, ज्याला आपण सी.ए. म्हणतो, त्याच्याजवळ तर ना पदवी ना पदविका. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचे ते सभासदत्व आहे. तरी त्याच्या सहीवाचून कंपनीचा ताळेबंद पुरा होत नाही.

आता मुख्य कागद कोणते ते पाहू. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आय.टी.आय., ही १९५० साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून उभी राहिली. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दहावीनंतर दोन वर्षांचे, वेल्डरचा एका वर्षाचा. शेवटी देशपातळीवरची परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता येते. तंत्रनिकेतनाची पदविका दहावीनंतर तीन वर्षांची. महाराष्ट्रात ती राज्य तंत्रशिक्षण मंडळ देते. अभियांत्रिकीची पदवी बारावीनंतर चार वर्षांची. कला, शास्त्र, वाणिज्य यांची पदवी पूर्वी सरसकट तीन वर्षांची होती. आता चौथे वर्ष करून ऑनर्सची पदवी घेता येते. त्यावर पदव्युत्तर पदवी आणि मग पीएच.डी. यांतली काही वर्षे इकडची तिकडे होतात, वैद्यकीचा हिशेब तर अगदीच निराळा. साडेचार वर्षे अभ्यासक्रम, एक वर्ष रुग्णालयात सक्तीची उमेदवारी, आणि वैद्यक परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही.

पण वर्षे मोजून या शिक्षणांतला खरा फरक समजत नाही. फरक आहे तो प्रश्नांचा. एका पंपाचे उदाहरण घेऊन तो सांगतो.

नदीकाठच्या विहिरीवरून गावाला पाणी पुरवणारी एक योजना आहे असे समजा. पंप विहिरीच्या वर बसवलेला आहे आणि खालून पाणी ओढतो. उन्हाळ्यात तो खडखडू लागतो, पाणी कमी देतो, आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्याचे बेअरिंग जाते.

फिटर येतो. तो पंपाच्या अंगावर हात ठेवतो, कान देतो आणि म्हणतो, 'आत खडी घातल्यासारखा आवाज येतोय.' खडी आत नसते. तो पंप उघडतो, इंपेलर बाहेर काढतो. त्याच्या पात्यांना आतल्या बाजूने बारीक खड्डे पडून पत्र्याची चाळण झालेली असते. तो नवे बेअरिंग ठोकत नाही, दाबून बसवतो. मोटार आणि पंप यांचे आस एका रेषेत आहेत की नाहीत हे डायल गेज लावून पाहतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक त्याला सापडते. ही हाताची आणि कानाची विद्या आहे. ती पुस्तकातून येत नाही, दोन वर्षे भराभर कानस चालवल्यानेही येत नाही. कोणीतरी जाणता शेजारी उभा राहून 'हे ऐक' म्हणतो तेव्हा येते.

पदविकाधारक पर्यवेक्षक बिघाडांची नोंदवही उघडतो. त्याच्या लक्षात येते की पंप नेहमी मार्च ते मे याच महिन्यांत बिघडतो. तो विहिरीची पातळी मोजतो. उन्हाळ्यात पाणी तीन-साडेतीन मीटर खाली गेलेले असते, आणि फूटव्हॉल्व्हच्या जाळीत शेवाळ अडकलेले असते. त्याला कळते की दोष बेअरिंगचा नाही, ओढण्याच्या उंचीचा आहे. जाळी साफ करणे, पंप खालच्या चौथऱ्यावर उतरवणे, बिघाड व्हायच्या आधी तपासणीचे वेळापत्रक लावणे ही त्याची कामे.

पदवीधर अभियंता कागदावर हिशेब मांडतो. पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो, वस्तुतः वातावरणाचा दाब ते वर ढकलतो. तो दाब सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा. त्यातून पाणी चढण्याची उंची वजा करा, नळीतले घर्षण वजा करा. जे उरते ते पाण्याच्या बाष्पदाबाहून पुरेसे जास्त असले पाहिजे. नाहीतर पाणी थंड असतानाच उकळू लागते! होय, तीस अंश तापमानालाही पाणी उकळते, दाब वातावरणाच्या सुमारे चोविसाव्या हिश्शावर आला तर. त्या बुडबुड्यांचा चुराडा म्हणजेच ती खडी. अभियंत्याला दिसते की पैसे वाचवण्यासाठी कोणीतरी खालची नळी अरुंद घातली आहे. नळीचा व्यास निम्मा केला तर तेवढेच पाणी नेताना घर्षणात जाणारा दाब सुमारे बत्तीसपट होतो. तो नळी बदलायला सांगतो, किंवा पाण्यात बुडून चालणारा पंप निवडतो.

आणि कोठेतरी एका प्रयोगशाळेत एक संशोधक विचारत असतो, हवेचा नव्हे, नुसत्या वाफेचा बुडबुडा पोलादाला खड्डा पाडतोच कसा? हा प्रश्न जहाजांच्या पंख्यांमुळे पुढे आला. लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली गणिताने दाखवले की पाण्यातली गोल पोकळी मिटताना तिच्या केंद्रापाशी प्रचंड दाब निर्माण होतो. नंतरच्या काळात असे दिसून आले की धातूजवळचा बुडबुडा गोल राहून मिटत नाही. त्याच्या पोटातून पाण्याची बारीक धार सुटते आणि ती धातूवर आदळते. कोणता मिश्रधातू हा मारा किती काळ सोसेल यावर अजूनही संशोधन चालू आहे.

चौघांपैकी कोणाला काढून टाकाल? रॅले यांचे समीकरण पाठ असलेल्या माणसाला बेअरिंग बसवता येईलच असे नाही, आणि उत्तम बेअरिंग बसवणाऱ्याला नळीचा व्यास ठरवता येणार नाही. गावाला पाणी मिळायचे तर फिटरचे ऐकलेले अभियंत्यापर्यंत पोचले पाहिजे. आमच्याकडे नेमके हेच होत नाही. फिटरने 'आवाज येतोय' म्हटले तर 'तू तुझे काम कर' हे उत्तर मिळते. आणि अभियंता पान्याला हात लावत नाही, कारण ते 'खालचे' काम. मग पंप उन्हाळाभर बंद, आणि बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. उतरंडीची कल्पना केवळ मुलांचे मन दुखवते म्हणून वाईट नाही. ती पाणी अडवते.

कधीकधी 'वरचा' कागद 'खालच्या' जागी चालतच नाही, हेही लक्षात घ्या. पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी पूर्वी ज्याला डी.एड. म्हणत ती पदविका लागते. २०१८ साली बी.एड. पदवीधरांनाही या वर्गांसाठी मुभा देण्यात आली होती. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. लहान मुलांना अक्षर आणि अंक शिकवण्याची विद्या वेगळी आहे, आणि ती पदविकेच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते, बी.एड.मध्ये नाही, असा त्या निर्णयाचा आशय. देशभरच्या अनेक बी.एड. उमेदवारांना त्याचा फटका बसला. पैसा, वर्षे खर्च करून मिळवलेला मोठा कागद दारापाशी निरुपयोगी ठरला. औषधनिर्माणशास्त्राचे पाहा. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका घेतलेला आणि चार वर्षांची पदवी घेतलेला, दोघांचीही १९४८ च्या कायद्याखाली औषधनिर्माता म्हणून नोंदणी होऊ शकते. ज्याला गावात औषधाचे दुकान काढायचे आहे त्याला पदविका पुरते. ज्याला कारखान्यात नवे औषध घडवायचे आहे त्याने पदवीकडे जावे. आणि सरकारी कचेरीत लिपिक-टंकलेखक व्हायचे असेल तर पदवी असूनही मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांच्या वेगाचे टंकलेखन प्रमाणपत्र लागतेच. एम.ए. झालेला माणूस त्या सहा महिन्यांच्या कागदासाठी टायपिंगच्या क्लासला बसलेला पाहायला मिळतो.

जुन्या काळी ही नावे आणखी निराळी होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १८८३ साली एल.सी.ई.ची परीक्षा दिली. या 'एल'चा अर्थ परवाना. ती पदवी नव्हती, स्थापत्याचे काम करण्यास हा मनुष्य योग्य आहे असा तो परवाना होता. त्या परवान्यावर त्यांनी १९०३ साली खडकवासल्याला पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारी दारे बसवली. वैद्यकीतही एल.सी.पी.एस. झालेल्या डॉक्टरांनी महाराष्ट्रातली कितीतरी लहान गावे सांभाळली; तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना एखादे नाव आठवेल. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातल्या डॉक्टरांपैकी निम्म्याहून अधिक असे परवानाधारक होते. १९४६ साली भोर समितीने हा प्रकार बंद करून सर्वांसाठी एकच एम.बी.बी.एस. ठेवावी अशी शिफारस केली. शास्त्राच्या दृष्टीने ती योग्यच होती. तथापि खेड्यात जाऊन राहणारा डॉक्टर त्यानंतर दुर्मिळ झाला, हेही पाहण्यासारखे आहे.

आता वरच्या टोकाविषयी. पीएच.डी. झालेला म्हणजे सर्वांत जास्त माहिती असलेला माणूस अशी समजूत आहे. ती खरी नाही. माहिती जमवण्यासाठी विश्वकोश पुरे. आधी कोणाला ठाऊक नव्हती अशी एक गोष्ट शोधून ती पुराव्याने सिद्ध करणे, ही पीएच.डी.ची अट. ती गोष्ट लहान असली तरी चालते. कमला सोहोनी (माहेरच्या भागवत) यांनी केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असते आणि ते श्वसनाच्या क्रियेत भाग घेते हे दाखवले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली, त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता असे सांगतात. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याआधी त्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन करत होत्या, पण एम.एस्सी. मिळाली ती मुंबई विद्यापीठाची. कारण त्या नामांकित संस्थेला त्या काळी पदवी देण्याचा अधिकार नव्हता. तो १९५८ नंतर आला.

श्रीनिवास रामानुजन हे एफ.ए.च्या परीक्षेतच नापास झाले होते. केंब्रिजने १९१६ साली त्यांच्या संशोधनावर त्यांना बी.ए. दिली, आज ज्याला आपण पीएच.डी. म्हणतो तिची ती पूर्वज. सर चंद्रशेखर वेंकट रामन एम.ए. होते, ज्या शोधासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले तो त्यांनी पीएच.डी. न करता लावला. (रामानुजनचे नाव सांगून गणिताच्या तासाला दांडी मारणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ते नापास झाले ते गणितात नव्हे, बाकीच्या विषयांत.) आज मात्र विद्यापीठात संशोधन करायचे तर या वाटेने जावे लागते. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, किंवा चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण, मग किमान तीन वर्षे संशोधन. मधली एम.फिल. २०२२ च्या नियमांनी बंद झाली. अजूनही कोणी तिच्यात प्रवेश देत असेल तर सावध राहा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वाटेत मधली दारे ठेवली आहेत. एक वर्ष पुरे करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. शिवाय २०२३ च्या आराखड्यात शाळा, महाविद्यालय आणि व्यवसायशिक्षण यांना एकाच पट्टीवर क्रमांक दिले : बारावी ४, पदवीची चार वर्षे ४.५, ५, ५.५ आणि ६, तर पीएच.डी. ८. मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा राहतात आणि पुढे परत येता येते. ज्याचे वडील आजारी पडले, जिचे लग्न झाले, अशांची दोन वर्षे आता पाण्यात जात नाहीत, ही चांगली गोष्ट आहे. पण माझी एक शंका आहे. 'प्रमाणपत्र' आणि 'पदविका' हे शब्द आधीच दोन अर्थांनी वापरले जात होते, त्यांत तिसऱ्याची भर पडली. बी.ए.चे एक वर्ष करून सोडलेल्याचे प्रमाणपत्र आणि आय.टी.आय.च्या इलेक्ट्रिशियनचे प्रमाणपत्र यांना एकच नाव असले तरी पहिल्याने घरातली वायरिंग करता येत नाही. पहिल्याचा खरा उपयोग परत येण्यासाठी आहे, नोकरीसाठी फारसा नाही. हे कॉलेजांनी प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवे.

या पद्धतीने एक मोजपट्टी मात्र फुकट हाती दिली. एक श्रेयांक म्हणजे सुमारे तीस तासांचे अध्ययन, आणि वर्षाचे साधारण चाळीस श्रेयांक. म्हणजे बाराशे तास. आता बाजारात जाऊन पाहा. 'पदवी' या शब्दाला कायद्याचे कुंपण आहे. 'डिप्लोमा' या शब्दाला तसे नाही. तंत्रशिक्षणाच्या पदविकेला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते खरी, पण चौकातल्या दुकानावर रंगवलेल्या 'अॅडव्हान्स डिप्लोमा'ला कोण विचारतो? आठवड्याला दोन तास याप्रमाणे सहा महिन्यांचा वर्ग म्हणजे बावन्न तास. दोन श्रेयांकही नाहीत. तो वर्ग वाईट असेलच असे नाही. तेथे शिवण, छायाचित्रण किंवा संगणकाचे एखादे काम उत्तम शिकवतही असतील. शिकायला जरूर जा. पण त्या कागदावर पुढच्या प्रवेशाचा हक्क सांगता येणार नाही, आणि हजारो रुपये भरण्याआधी हे माहीत असावे. बनावट विद्यापीठांची यादी आयोग वेळोवेळी जाहीर करतो. कायद्यात त्यांना लिहिलेला दंड आहे एक हजार रुपयांपर्यंत! १९५६ साली ती रक्कम मोठी असेल.

शेवटी वाटांचा हिशेब, कारण तो फार थोड्यांनी केलेला असतो. दहावी, बारावी आणि चार वर्षे अभियांत्रिकी. दहावीनंतर सहा वर्षे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका, मग अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, उरलेली तीन वर्षे, तीही सहाच. आणि आय.टी.आय.ची दोन वर्षे, तेथून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात, दोन वर्षांनी पदविका, मग पदवीची तीन वर्षे, झाली सात. म्हणजे ज्या वाटेला आपण 'शेवट' म्हणतो ती वाट पदवीच्या दारात पोचते, फक्त एका वर्षाने उशिरा, आणि तोपर्यंत हाताला लेथ माहीत झालेला असतो. या वाटेवर खड्डा आहे तो गणिताचा. आय.टी.आय.तून पदविकेला आलेल्यांना आणि पदविकेतून पदवीला आलेल्यांना कलनशास्त्र जड जाते, कारण मधला भाग त्यांचा सुटलेला असतो. संस्थांनी त्यांच्यासाठी उन्हाळ्यात महिनाभर गणिताचा वर्ग घेतला तर कितीतरी मुले टिकतील. पंप दुरुस्त करणाऱ्या मुलाला समीकरणाचा अर्थ लवकर समजतो. त्याला अडते ते चिन्हांशी.

शिक्षकांना एक विनंती आहे. 'अभ्यास कर, नाहीतर आय.टी.आय.ला जावे लागेल' हे वाक्य वर्गात बोलू नये. त्याने अभ्यास वाढत नाही. ज्या मुलाला किंवा मुलीला खरोखरच यंत्रांची आवड आहे, तिला ती लपवावी लागते एवढेच होते. उलट नववीच्या वर्षात दोन तास काढून मुलांना घरून कागद आणायला सांगावेत : वडिलांचे आय.टी.आय.चे प्रमाणपत्र, काकूची डी.एड.ची पदविका, ताईची बी.एस्सी.ची पदवी, शेजाऱ्यांचे वाहन परवान्याचे कार्डही चालेल. प्रत्येकावर कोणाची सही आहे, कोणत्या मंडळाचा शिक्का आहे, प्रवेशाची अट काय होती आणि त्या कागदाने पुढे काय करता आले, हे मुलांनीच वाचून फळ्यावर लिहावे.

आणि दहावीच्या वर्गातल्या मुलांनी एक काम निकालाची वाट न पाहता करावे. आय.टी.आय., तंत्रनिकेतन आणि अकरावी यांचे प्रवेश निकालानंतर लगोलग सुरू होतात. एकाहून अधिक ठिकाणी अर्ज भरता येतो आणि भरावा. अधिवासाचा, उत्पन्नाचा, जातीचा आणि लागत असेल तर नॉन-क्रीमीलेयरचा दाखला तहसील कचेरीतून किंवा सेतू केंद्रातून मिळायला दिवस लागतात, आणि जूनमध्ये तेथे रांग असते. परीक्षा संपली की एप्रिलमध्येच अर्ज देऊन ठेवा.